घरांतील गारवा आणि त्याचा हिशेब

होळीची राख निवते न निवते तोंच विदर्भांतील घराघरांत एक ठराविक विधि सुरू होतो. जिन्याखालीं आठ महिने पडून राहिलेला कूलर बाहेर निघतो. त्याच्या गेल्या सालच्या ताट्या झटकून पाहिल्या जातात, पंप चालतो कीं नाहीं याची परीक्षा होते, आणि तो न चालल्यास घरांतील कर्ता माणूस त्यास दोन टिचक्या मारून बाजाराची वाट धरतो. ज्या घरीं वातानुकूलनाचें यंत्र, म्हणजे सर्वांच्या तोंडीं असलेला ए. सी. आहे, तेथें कारागिरास बोलावणें जातें. तो येतो, पाहतो, आणि बहुधा दोहोंपैकीं एक निर्णय देतो: 'गॅस कमी झाला आहे,' किंवा 'हें आतां जुनें झालें, नवें घ्या.' हा निर्णय पारखण्याचें साधन गृहस्थापाशीं नसतें. बाहेर ऊन वाढत असतें, घरांत म्हातारीं माणसें व लहान मुलें असतात. पैसे काढून दिले जातात.

हे पैसे पुष्कळदां चुकीच्या जागीं पडतात. यंत्र काय करतें आणि घर काय करतें, या दोन गोष्टी नीट समजल्या तर बराच खर्च टळतो, आणि जो करावा लागतो तो सार्थकीं लागतो.

पदार्थविज्ञानाच्या दृष्टीनें थंडी म्हणून कांहीं निराळी वस्तु नाहीं. उष्णता कमी होणें यालाच आपण थंडी म्हणतों. त्यामुळें कोणतेंही यंत्र घरांत थंडी उत्पन्न करीत नाहीं. तें आंतील उष्णता उचलून बाहेर टाकतें, किंवा ती पाण्याकडून शोषून घेववितें. तळाला छिद्र पडलेल्या नावेंत बसून पाणी उपसणाऱ्या माणसासारखी यंत्राची स्थिति असते. छिद्र जेवढें मोठें तेवढे उपसण्याचे श्रम अधिक. अशा वेळीं मोठें भांडें विकत आणणारा मनुष्य शहाणा ठरत नाहीं. आधीं छिद्र बुजवावें लागतें. घराच्या बाबतींतही क्रम हाच आहे: प्रथम उष्णतेची वाट अडवावी, मग असलेलें यंत्र नीट राखावें, आणि नव्या यंत्राचा विचार सर्वांत शेवटीं करावा. व्यवहारांत मात्र हा क्रम नेमका उलटा होतो.

उष्णता घरांत शिरते कोठून? एकमजली घराच्या, किंवा इमारतीच्या सर्वांत वरच्या मजल्याच्या बाबतींत उत्तर एकच: छपरांतून. नागपूर सुमारें २१ अंश उत्तर अक्षांशावर वसलें आहे. मे महिन्याच्या अखेरच्या आठवड्यांत मध्यान्हींचा सूर्य त्याच्या अगदीं माथ्यावर येतो, आणि दिवसाच्या उन्हाचा मोठा वांटा गच्ची झेलते. २३ मे २०१३ रोजीं याच शहरांत पारा ४७·९ अंशांवर चढला होता. परंतु हें झालें सावलींतील हवेचें तापमान. उघडी सिमेंटची गच्ची अशा दिवसांत ६० अंशांच्या आसपास तापते. स्लॅबमध्यें मुरलेली उष्णता खालच्या खोलींत उतरण्यास कांहीं तास लागतात. वरच्या मजल्यावरील खोली भर दुपारपेक्षां सायंकाळीं व रात्रीं अधिक कोंदट लागते, त्याचें कारण हेंच. जुन्या मातीच्या घरांच्या जाड भिंती दिवसभर उष्णता धरून ठेवीत, आणि कवेलूंच्या फटींतून ऊन हवा वर निघून जाई. सिमेंटचा पातळ स्लॅब यांपैकीं एकही काम करीत नाहीं.

यावर सर्वांत स्वस्त उपाय पांढऱ्या रंगाचा आहे. पांढरा पृष्ठभाग सूर्यप्रकाशाचा मोठा भाग परतवून लावतो व मुळांतच कमी तापतो. गच्ची स्वच्छ धुऊन, भेगा बुजवून, चुन्याचे दोन-तीन हात दिले, किंवा याच कामासाठीं बाजारांत मिळणारा पांढरा लेप लावला, तर खालच्या खोलीचें तापमान साधारणतः दोन ते चार अंशांनीं उतरतें. धूळ बसली कीं पांढरेपणा जातो व त्याबरोबर गुणही जातो. यास्तव चुन्याचें काम दरसाल फाल्गुनांत करावें लागतें. अहमदाबाद शहरानें उष्णतेच्या लाटांना तोंड देण्याची योजना २०१३ सालीं आंखली आणि २०१७ पासून गरीब वस्त्यांतील छपरें पांढरीं करण्याचें काम हातीं घेतलें. तेलंगण राज्यानें तर २०२३ सालीं थंड छपरांचें धोरणच जाहीर केलें. एका चुन्याच्या बादलीचा विचार सरकारांनीं इतक्या गंभीरपणें करावा, यांतच त्या उपायाची योग्यता दिसून येते.

दुसरी वाट खिडक्यांची. येथें एक साधा नियम आहे: ऊन कांचेच्या बाहेर अडवावें. कांचेंतून एकदां आंत आलेलें ऊन पडद्यावर पडलें तरी पडदा तापतो आणि ती उष्णता खोलींतच राहते. बाहेरच्या बाजूस सोडलेली बांबूची चिक, छज्जा किंवा हिरवी जाळी ही जाड पडद्याहून कितीतरी अधिक काम करते. पूर्वेच्या खिडक्यांना सकाळीं व पश्चिमेच्या खिडक्यांना तिसऱ्या प्रहरीं अशी सावली विशेष लागते. तिसरी गोष्ट वेळेची. बाहेरची हवा आंतल्या हवेपेक्षां ऊन होऊं लागली कीं खिडक्या लावून घ्याव्या, आणि रात्रीं बाहेर निवूं लागलें कीं सताड उघडाव्या. आजीच्या काळीं हें सांगावें लागत नसे.

छत आणि खिडक्या झाल्यावर पंख्याकडे वळावें. पंखा खोली थंड करीत नाहीं. तो अंगावरील घाम लवकर वाळवितो व त्यामुळें माणसास गार वाटतें. रिकाम्या खोलींत फिरणारा पंखा केवळ वीज खातो. सामान्य छतपंख्यास सुमारें ७५ वॅट वीज लागते. नव्या पद्धतीच्या, बी. एल. डी. सी. म्हणून विकल्या जाणाऱ्या पंख्यास ३० वॅटच्या आसपास पुरते. दिवसरात्र चालणारा पंखा बदलण्यांत म्हणूनच लाभ आहे. परंतु पंख्यासही मर्यादा आहे. खोलीचें तापमान ४० अंशांच्या वर गेलें कीं तो अंगावर तापलेली हवाच लोटतो. अशा वेळीं वृद्धांना व आजाऱ्यांना केवळ पंख्याच्या भरंवशावर ठेवूं नये. ओल्या फडक्यानें अंग पुसावें, पाणी पाजावें व त्यांना घरांतील सर्वांत थंड खोलींत हलवावें.

आतां कूलरविषयीं. पाण्याची वाफ होतांना तें भोंवतालची उष्णता शोषून घेतें, या एकाच तत्त्वावर मातीचा माठ, वाळ्याचा पडदा व कूलर हे तिघेही चालतात. एक लिटर पाणी वाफ होऊन जातांना एवढी उष्णता घेतें कीं तेवढ्या उष्णतेनें बर्फासारखें थंड असें साडेपांच लिटर पाणी उकळीस आणतां येईल. मात्र हवा कोरडी असेल तरच वाफ झपाट्यानें होते. विदर्भांतील मे महिन्याच्या दुपारीं हवेंत ओलावा फारच थोडा असतो. म्हणून ४४ अंशांची हवा चांगल्या कूलरच्या ताट्यांतून २८-२९ अंशांची होऊन बाहेर पडूं शकते. तोच कूलर मुंबईंत, कोंकणांत किंवा गोव्यांत नेला तर गारवा थोडा आणि चिकटा फार, अशी गत होते. नागपुरांतही मृगाचा पाऊस पडला कीं त्याचा गुण संपतो.

कूलर चांगला चालत नाहीं अशी तक्रार असल्यास तो बदलण्यापूर्वीं तीन गोष्टी पहाव्या. पहिली, खोलींतील हवा बाहेर जाण्यास वाट आहे काय? कूलर बाहेरची हवा सतत आंत लोटीत असतो. समोरची खिडकी वा दार थोडें उघडें नसेल तर खोली ओलसर होते, थंड होत नाहीं. दुसरी, ताट्या सर्वत्र सारख्या भिजतात काय? बोअरच्या जड पाण्यांतील क्षार पंपाच्या नळींत व पन्हळीच्या छिद्रांत बसतात. मग ताटीचा अर्धा भाग कोरडा राहतो आणि त्यांतून लूच आंत येते. क्षार खरवडून काढले, ताट्या बदलल्या, कीं निम्मे 'बिघडलेले' कूलर पूर्ववत् चालूं लागतात. तिसरी, कूलर उन्हांत आहे कीं सावलींत? तो सावलींत असावा. साधारण २०० वॅटच्या कूलरला एक युनिट वीज पांच तास पुरते, ए. सी.च्या मानानें हा खर्च फारच अल्प. पाणी मात्र तो भरपूर पितो, कडक दुपारीं मोठा कूलर तासाला दहा लिटरांहूनही अधिक. टंचाईच्या गांवीं हाही हिशेब धरावा लागतो.

कूलरच्या बाबतींत काटकसर करूं नये अशीं दोन स्थळें आहेत. त्याचें अंग पत्र्याचें, पोटांत पाणी, आणि पाण्याशेजारीं वीज. दर उन्हाळ्यांत कूलरचा धक्का लागून माणसें, विशेषतः खेळतीं मुलें, दगावल्याच्या वार्ता विदर्भांतील वृत्तपत्रांत येतात. कूलरची वायर तीन तारांचीच असावी, तिसरी तार खरोखरच जमिनीशीं जोडलेली आहे कीं नाहीं हें तारतंत्र्याकडून तपासून घ्यावें, आणि घराच्या मुख्य फळीवर ३० मिलिअँपिअरची आर. सी. सी. बी. नांवाची कळ बसवावी. वीज गळूं लागतांच ही कळ क्षणार्धांत प्रवाह तोडते. पाणी भरण्यापूर्वीं नुसतें बटण बंद करून भागत नाहीं, पिन काढून ठेवावी. दुसरें स्थळ डांसांचें. डेंग्यूचा डांस सांठलेल्या स्वच्छ पाण्यांत वाढतो व आठ-दहा दिवसांत उडूं लागतो. आठवड्यांतून एकदां टांकी रिकामी करून तिच्या कडा घासाव्या, कारण अंडीं कडांना चिकटून असतात.

ए. सी.ची गोष्ट निराळी. हें यंत्र मुळांत माणसाच्या सुखासाठीं निर्माण झालेंच नव्हतें. १९०२ सालीं न्यू यॉर्कच्या ब्रुकलिन भागांतील एका छापखान्यांत दमट हवेमुळें कागद फुगे व रंगीत छपाई जागेवर बसत नसे. ती अडचण दूर करण्यासाठीं विलिस कॅरिअर या पंचवीस वर्षांच्या अभियंत्यानें हवेंतील ओलावा आटोक्यांत ठेवणारी योजना तयार केली, आजच्या ए. सी.चा उगम तेथें मानतात. त्याचें माप ज्या टनांत सांगतात तो टनही वजनाचा नव्हे. यंत्रापूर्वीं गारवा विकत मिळे तो बर्फाच्या रूपानें. १८३३ सालीं बोस्टनहून निघालेलें बर्फाचें जहाज कलकत्त्यास पोंचलें, आणि पुढें मुंबईसही असा बर्फ येऊं लागला. एक अमेरिकन टन, म्हणजे सुमारें ९०७ किलो बर्फ चोवीस तासांत वितळतांना जेवढी उष्णता घेतो, तेवढी उष्णता ओढणारें यंत्र एक टनाचें. दीड टनाचा ए. सी. म्हणजे रोज तेरा-चौदाशें किलो बर्फाचें काम करणारा गडी होय.

या यंत्राच्या बंद नळ्यांतून एक द्रव फिरत असतो. आंतल्या भागांत त्याची वाफ होते व ती खोलीची उष्णता घेते. कॉम्प्रेसर ती वाफ दाबून बाहेरच्या भागांत ढकलतो, तेथें तिची उष्णता बाहेरच्या हवेंत जाते व वाफेचा पुन्हां द्रव होतो. यालाच व्यवहारांत 'गॅस' म्हणतात. हा गॅस पेट्रोलसारखा खर्चून जाणारा नव्हे. तो तेवढाच पुन्हां पुन्हां फिरतो. तो कमी झाला असेल तर नळींत कोठेंतरी गळती आहे असाच त्याचा अर्थ. गळती न शोधतां दर उन्हाळ्यांत गॅस भरून घेणें म्हणजे फुटक्या माठांत पाणी ओतणें. म्हणून 'गॅस भरावा लागेल' असें ऐकतांच गृहस्थानें एकच प्रश्न विचारावा: गळती कोठें आहे? ती दाखवून, बंद करून, नळ्यांतील हवा यंत्रानें ओढून काढून मग गॅस वजनावर मोजून भरणारा कारागीर खरा. जुन्या यंत्रांत आर-२२ जातीचा गॅस असे. ओझोनच्या थरास अपाय करणाऱ्या द्रव्यांविषयींच्या १९८७ च्या माँट्रिअल करारान्वयें तो टप्प्याटप्प्यानें हद्दपार होत आहे. नव्या यंत्रांतील आर-३२ व आर-२९० हे वायु कमीअधिक प्रमाणांत पेट घेणारे आहेत. एकाच्या यंत्रांत दुसऱ्याचा गॅस भरणें कधींही चालूं देऊं नये.

गॅसखेरीज इतर बिघाड बहुधा साधे असतात, आणि त्यांचीं लक्षणें ओळखतां येतात. हवा कमी येते व आंतल्या जाळीवर बर्फ धरतो: जाळी धुळीनें भरलेली आहे, उन्हाळ्यांत ती दर पंधरा दिवसांनीं साध्या पाण्यानें धुवावी. खोलींत पाणी ठिबकतें: निचऱ्याची नळी शेवाळानें तुंबली आहे. बाहेरचा भाग नुसता गुणगुणतो पण सुरू होत नाहीं: कपॅसिटर गेला असण्याचा संभव फार, आणि तो थोड्या पैशांत मिळतो, त्यासाठीं सबंध कॉम्प्रेसर बदलण्याची घाई नको. मात्र त्यास गृहस्थानें स्वतः हात लावूं नये. वीज बंद केल्यावरही त्यांत धक्का देण्याइतका विद्युद्भार राहतो. भर दुपारीं यंत्र वारंवार बंद पडतें: बाहेरच्या भागास मोकळी हवा मिळत नाहीं. शोभेसाठीं किंवा चोरांच्या भीतीनें त्यास चोहोंकडून कोंडून ठेवण्याची रीत आहे. मग तो स्वतःचीच तापलेली हवा पुन्हां ओढीत बसतो. समुद्रकांठीं खाऱ्या हवेनें बाहेरच्या पत्र्या गंजतात, तेथें धुण्याची पाळी लवकर आणावी.

वापरण्याची रीतही महत्त्वाची. १८ अंशांवर कळ लावल्यानें यंत्राची शक्ति वाढत नाहीं. तें केवळ अधिक वेळ राबतें. केंद्र सरकारच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोच्या हिशेबानें एक अंश वर ठेवल्यास सुमारें सहा टक्के वीज वांचते. १ जानेवारी २०२० पासून तारांकित ए. सी. सुरू होतांच २४ अंशांवर असावा, असा नियमच झाला आहे. २६ अंश आणि सोबत मंद पंखा, एवढ्यांत बहुतेकांना सुखानें झोंप लागते.

तर मग नवें यंत्र घ्यावें केव्हां? येथें विक्रेत्याच्या शब्दापेक्षां कागद-पेन्सिल बरी. समजा, नवें यंत्र जुन्यापेक्षां तासाला अर्धा युनिट वीज वांचवितें. नागपुरांतील घरीं तें वर्षांतून शंभर रात्रीं, आठ-आठ तास चाललें, तर ४०० युनिट वांचतील. दहा रुपये दरानें ४,००० रुपये. यंत्राची किंमत ४०,००० असेल तर ती भरून निघण्यास दहा वर्षें लागतील, आणि तोंवर नवेंही जुनें होईल. परंतु तेंच यंत्र दवाखान्यांत किंवा दुकानांत दहा तास, तीनशें दिवस चालत असेल, तर वर्षास १,५०० युनिट, म्हणजे १५,००० रुपये वांचतात, आणि किंमत पावणेतीन वर्षांच्या आंत वसूल होते. एकाच यंत्राविषयीं दोन घरांना दोन भिन्न सल्ले द्यावे लागतात ते याचमुळें. केवळ वीज वांचविण्याकरितां घरगुती वापराचें चालतें यंत्र काढून टाकूं नये. मात्र कॉम्प्रेसर जळाला, किंवा तांब्याची जाळी दुसऱ्यांदा गळली, आणि यंत्र दहा वर्षांचें झालें असेल, तर दुरुस्तीचा पैसा नव्यांत घालावा हें बरें.

नवें घेतांना ताऱ्यांकडे पहावें. पण त्यावरील सालाकडेही पहावें. २००६ सालीं सुरू झालेल्या या तारांकनाच्या पायऱ्या वेळोवेळीं वर चढविल्या जातात. म्हणून जुना पांचतारी आजचा पांचतारी असेलच असें नाहीं. ताऱ्यांहून विश्वसनीय आंकडा त्याच चिठ्ठीवर छापलेला असतो: वर्षांतून १,६०० तास चालल्यास किती युनिट लागतील. दोन यंत्रांचे हे आंकडे शेजारीं ठेवले कीं किंमतींतील फरक योग्य कीं अयोग्य हें आपोआप कळतें. गरजेपेक्षां मोठें यंत्रही घेऊं नये. मुंबईसारख्या दमट हवेंत मोठें यंत्र खोली झटकन थंड करून थांबतें. ओलावा काढण्यास त्यास वेळच मिळत नाहीं. गच्ची पांढरी करून चिका लावलेल्या घरास दीड टनाऐवजीं एक टनही पुरतो, आणि पहिल्या खर्चाचा मोबदला येथें पुन्हां मिळतो.

एक गोष्ट हिशेबाच्या वहींत कोठेंच उतरत नाहीं. ए. सी. घरांतली उष्णता बाहेर टाकतो, तींत स्वतः खाल्लेल्या विजेची भर घालतो, आणि अरुंद गल्लींत ती समोरच्या खिडकींत जाते. त्या खिडकीमागें बहुधा पत्र्याखालीं राहणारें, ए. सी. नसलेलें कुटुंब असतें. चुन्यानें पांढरी केलेली गच्ची मात्र कोणाच्याही दारांत उष्णता नेऊन टाकीत नाहीं. यंदाच्या उन्हाळ्यासाठीं ज्यांनीं थोडी रक्कम बाजूस काढली असेल त्यांनीं प्रथम चुना व चिक आणावी, मग कूलरची तिसरी तार व फळीवरील कळ तपासून घ्यावी, त्यानंतर असलेल्या यंत्राची जाळी धुवावी. एवढें करून वैशाखांतील एक रात्र घालवावी. त्यानंतरही नवें यंत्र हवेंसें वाटलें, तर तें किती टनांचें हवें हें त्या रात्रीच्या अनुभवावरून ठरवितां येईल.